हिरव्या दिव्याची साक्ष

१

चंद्रोदयाची वाट बघत बसलेल्या मंजुळाबाई चंद्र उगवायच्या आधीच बेशुद्ध पडल्या. संकष्टी होती. दिवसभरात पोटात गेला होता तो राजगिऱ्याचा एक लाडू आणि चहा. घामाने निथळणारा त्यांचा चेहरा आधी दिसला तो समोरच्या खाटेवरच्या सरुबाईंना, आणि त्यांच्या ओरडण्याने सगळा वॉर्ड जागा झाला. डॉक्टर धावले. रक्तातली साखर तपासली तर ती पार तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं, अतिदक्षता विभागात हलवलं, आणि मंजुळाबाईंचा जीव वाचला.

पण त्यांना मधुमेह नव्हताच. उपासाने साखर उतरते, इतकी कोसळत नाही. कुणीतरी त्यांना इन्सुलिन दिलं होतं.

निगडी प्राधिकरणातल्या त्या चार मजली रुग्णालयात असं होणं शक्य नव्हतं, निदान कागदोपत्री तरी. दोन वर्षांपूर्वी तिथे नवी यंत्रणा बसवली होती. प्रत्येक रुग्णाच्या मनगटाला बारकोडची पट्टी बांधलेली. नर्सने हातातलं मशीन आधी त्या पट्टीवर धरायचं, मग औषधावर. दोन्हींचा मेळ बसला तर हिरवा दिवा, नाही तर लाल. कुणी, कुणाला, काय दिलं याची नोंद आपोआप. दारातच पाटी होती: औषधाची चूक शून्य.

त्या वॉर्डात इन्सुलिनवर एकच बाई होत्या, सरुबाई. त्यांच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती. मंजुळाबाईंच्या पोटरीत रक्ताची गाठ होती, म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन चालू होतं. नोंद म्हणत होती: संध्याकाळी सरुबाईंचं इन्सुलिन सरुबाईंना, हिरवा दिवा. मंजुळाबाईंचं इंजेक्शन मंजुळाबाईंना, हिरवा दिवा. देणारी नर्स एकच, अपेक्षा.

सकाळी रुग्णसुरक्षा अधिकारी विजयश्री अधीक्षक डॉ. निरंजन यांच्यासमोर बसल्या, तेव्हा टेबलावर अपेक्षाविरुद्ध नर्सिंग कौन्सिलला पाठवायचं पत्र सहीसाठी तयार होतं. ते गेलं असतं तर या मुलीला कुठल्याच रुग्णालयाने दारात उभं केलं नसतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण वेळेत निकाल लावण्याची त्यांना फार हौस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरुबाईंना त्यांचं इन्सुलिन दिल्यावर पोरीने इन्सुलिनच्या त्याच पेनने, म्हणजे सुई लावलेल्या नळीने, मंजुळाबाईंनाही टोचलं. दुसरं काय असणार?

"मशीन खोटं बोलत नाही, मॅडम," ते म्हणाले.

"बोलत नाही," विजयश्री म्हणाल्या. "पण जेवढं विचारलं तेवढंच सांगतं. उद्या चौकशी समिती बसेपर्यंत सही करू नका."

खाली प्रतीक्षा कक्षात मंजुळाबाईंचा मुलगा दिग्विजय बसून होता. धाराशिवकडचं कुटुंब, तो चाकणच्या एका कंपनीत लाइनवर कामाला. रात्रपाळी बुडवून आलेला. विजयश्री तिथून जात होत्या, तेव्हा त्याने त्यांना थांबवलं. "मला तुमची यंत्रणा सांगू नका, मॅडम. मला नाव पाहिजे."

२

विजयश्रींची निम्मी नोकरी चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या क्वालिटी विभागात गेली होती. बिघडलेला भाग हातात आला की ऑपरेटरवर खेकसायचं नाही, आधी भाग न्याहाळायचा, ही सवय तिथली. रुग्णालयातले काही डॉक्टर पाठीमागे त्यांना 'ब्रेकवाल्या मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि फारसं वाईटही वाटत नव्हतं.

अपेक्षा नर्सेसच्या खोलीत गणवेशातच बसली होती. बीडकडची मुलगी, पुनावळ्यात मैत्रिणींबरोबर राहायची, आणि तिची नेहमीची नेमणूक वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरला. या वॉर्डातली रोजची नर्स रजेवर गेल्याने काल पहिल्यांदाच तिला खाली पाठवलं होतं. वॉर्डातल्या एकाही रुग्णाचा चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. तिने सांगितलं ते असं: आधी सरुबाईंच्या खाटेशी गेले, इन्सुलिनचं पेन घेऊन. मग समोर मंजुळाबाईंच्या खाटेशी, भरलेली सिरिंज घेऊन. दोघी शाल ओढून पडल्या होत्या. दोघींनी काही न विचारता पोटावरचं लुगडं बाजूला केलं.

"हातातली पट्टी स्कॅन केलीस?" विजयश्रींनी विचारलं.

"दोन्ही वेळेला हिरवा दिवा लागला होता, मॅडम."

विजयश्रींनी तिच्याकडे नीट पाहिलं. विचारलं होतं एक, उत्तर आलं दुसऱ्याचं. मुलगी खोटं बोलत नव्हती, पण कशाच्या तरी भोवतीने जात होती. परत विचारल्यावर ती म्हणाली, "चूक माझीच झाली असंल. मी कुणाचं नाव घेणार नाही." आणि रडू लागली. कुणी नाव घे म्हटलंच नव्हतं.

तिथून विजयश्री संगणक विभागात गेल्या. तिथली प्रमुख स्वरूपा ताथवड्याच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेली, हुशार आणि या यंत्रणेवर पोटच्या पोरासारखी माया करणारी. तिने नोंदी उघडून दाखवल्या. कुणी मागाहून फेरफार केले असते तर त्याचीही खूण राहिली असती. तशी खूण नव्हती.

"मॅडम, कोड सरुबाईंचाच वाचला गेलाय. यात शंकेला जागाच नाही."

"कोड वाचला गेला," विजयश्री म्हणाल्या. "पण सरुबाई तिथे होत्या का, हे मशीनला कुणी सांगितलं?"

स्वरूपाने नोंद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. विजयश्रींनी तिच्याकडून एक मशीन मागून घेतलं आणि जिना उतरून वॉर्ड गाठला.

३

वॉर्ड लांबट होता. दोन्ही भिंतींना डोकं लावून खाटांच्या दोन रांगा, मधून वाट, आणि वाटेच्या टोकाला मोठी खिडकी. सकाळचं ऊन त्या खिडकीतून सरळ वाटेवर उतरलं होतं.

सरुबाई डावीकडच्या रांगेत होत्या. चाकणजवळच्या गावातल्या जुन्या घरातल्या, हाडापेराने मजबूत, कपाळावर ठसठशीत गोंदण. त्या खाटेवर बसल्या बसल्या पेंगत होत्या. जखमेचा पाय वर ठेवायचा म्हणून खाटेचा खालचा भाग मुद्दाम उचललेला, आणि यांनी तो पाय खाली सोडून सुजवून घेतलेला. समोरची मंजुळाबाईंची खाट रिकामी होती. सरुबाईंचं तोंड तिकडे होतं, पण नजर काही केल्या तिकडे जात नव्हती.

"आजी, झोप आलीये तर आडव्या व्हा की," विजयश्री म्हणाल्या.

"न्हाई बाई. बरं हाय हितंच."

शेजारी सून अनिता फुरंगटून बसली होती. सकाळी डॉक्टरांनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. सासूबाईंची साखर रात्रीतून भलतीच चढलेली. डॉक्टरांना वाटलं, संकष्टीचे मोदक कुणीतरी चोरून खाऊ घातले. अनिता देवाची शपथ घेऊन सांगत होती की तिने साधा गुळाचा खडाही आणला नव्हता. तिचं कुणी ऐकलं नाही. डब्यातून गोड आणणारे नातेवाईक सगळ्या रुग्णालयांत असतात, त्यामुळे न आणणारेही त्यात भरडले जातात.

विजयश्रींनी मात्र ते ऐकलं आणि मनात बाजूला ठेवलं. मग आजींना विचारून पडदा ओढला आणि पोट पाहिलं. इन्सुलिनच्या जुन्या टोचण्या शोधूनही सापडत नव्हत्या. पण बेंबीच्या उजव्या अंगाला एक ताजा, चांगला रुपयाएवढा काळानिळा डाग होता.

"हा कधीचा, आजी?"

"कालचाच आसंल. काल सुई लई झोंबली बगा. रोजच्यावानी नव्हती."

विजयश्रींनी पडदा सारला. सरुबाईंचा हात हातात घेतला, मनगटावरची पट्टी वर फिरवली आणि मशीन धरलं. दिवा लागेना. जवळ धरलं, लांब धरलं, पट्टी पुसून धरलं. अनिता रोज सासूच्या हातापायाला तेल चोळायची. त्या तेलाने बारकोडच्या रेघा केव्हाच फिकट होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. ही पट्टी काल वाचली गेली नव्हती. गेल्या कित्येक दिवसांत वाचली गेली नसणार.

मग काल हिरवा दिवा लागला तो कशावर?

४

विजयश्री वाटेत उभ्या राहिल्या आणि त्यांना एकदम आपला कारखाना आठवला. तिथे एका मशीनला डोळा बसवला होता: भाग नीट बसलेला दिसला तरच मशीन पुढे चालायचं. डोळा फार कडक, चांगल्या भागालाही अडवायचा आणि लाइन थांबायची. मग पोरांनी युक्ती काढली. एक चांगला भाग त्या डोळ्यासमोर कायमचा बांधून ठेवला. डोळा दिवसभर तोच भाग बघून खूश, आणि खालून काय वाटेल ते पुढे जात होतं. पोरं हरामखोर नव्हती. त्यांना माल वेळेत द्यायचा होता.

त्या वाकल्या आणि सरुबाईंच्या खाटेच्या कठड्यावरून बोट फिरवलं. उशीच्या बाजूला, आतल्या अंगाला, बोट चिकटलं. तिथे डिंकाचा चौकोनी ठसा होता, अजून धूळही न बसलेला. समोरच्या खाटेलाही तसाच. पुढच्या खाटेलाही.

वॉर्डच्या प्रमुख सिस्टर इंद्रायणी औषधांच्या कपाटाशी उभ्या होत्या. रत्नागिरीकडच्या, शिस्तीच्या आणि तितक्याच मायेच्या. अपेक्षा नवखी असताना महिनाभर त्यांनीच तिला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. विजयश्रींनी चिकटलेलं बोट त्यांच्यासमोर धरलं.

इंद्रायणी सिस्टर स्टुलावर बसल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पट्ट्या तेलाने, आंघोळीने खराब व्हायच्या. मशीन लाल दिवा दाखवून औषध अडवायचं, आणि नवी पट्टी काढायला खाली स्वागतकक्षात जावं लागे. झोपलेल्या म्हाताऱ्यांचा हात पांघरुणातून ओढून काढायचा म्हणजे त्यांची झोपमोड. म्हणून त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या कोडची एक जादा चिठ्ठी काढून खाटेच्या कठड्याला चिकटवली. मशीन तिथे धरलं की काम झालं. काल मंजुळाबाईंना हलवल्यावर घाबरून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. आणि अपेक्षाला तसं करायला त्यांनीच सांगितलं होतं.

"आणि नाव विचारायचा नियम?"

"तो कधीच सुटला, ताई. पूर्ण नाव सांगा म्हटलं की या आजी लाजतात. धन्याचं नाव कसं घेऊ म्हणतात, सुनेला विचारा म्हणतात. सून चहाला गेलेली असते. हिरवा दिवा आहेच म्हटल्यावर आमचं विचारणं बंद झालं."

पोरीचं रडणं सिस्टर सकाळपासून ऐकत होत्या आणि तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं. याची त्यांना लाज वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती. पण डोळे पुसून त्यांनी जे विचारलं ते बिनचूक होतं.

"चिठ्ठी खाटेला होती, कबूल. पण खाटेवर बाई तीच होती ना? मग चूक पोरीच्या हातूनच झाली, नाही का?"

विजयश्रीही तिथेच येऊन अडल्या होत्या. नुसत्या चिठ्ठीने अपेक्षा सुटत नव्हती, उलट जास्त अडकत होती.

त्या मनाशी एकेक गोष्ट जुळवू लागल्या. सरुबाईंची साखर चढली, कारण त्यांना इन्सुलिन मिळालंच नाही. अनिता खरं बोलत होती. पोटावरचा काळानिळा डाग इन्सुलिनचा नव्हे. असा डाग उठतो तो रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनने. म्हणजे मंजुळाबाईंचं औषध सरुबाईंना गेलं आणि सरुबाईंचं मंजुळाबाईंना. एकीकडे पेन, दुसरीकडे भरलेली सिरिंज. दोन्ही वस्तू दिसायला वेगळ्या, एकीऐवजी दुसरी हातात येणं अवघड. हात चुकला तर एकदा चुकेल. दोन निराळ्या वस्तू इतक्या नेमक्या उलटसुलट जाणं हा निष्काळजीपणा नव्हे. निष्काळजीपणा एवढा नीटनेटका नसतो.

अपेक्षा योग्य औषध घेऊन योग्य खाटेशीच गेली होती. खाटेवरच्या बाया बदललेल्या होत्या. दोघींच्या पोटात रोज सुई जायची, म्हणून कुणालाच काही वेगळं वाटलं नाही.

पण चालता न येण्यासारखी जखम असलेल्या म्हातारीने, वाटेपलीकडच्या तशाच दुसऱ्या खाटेवर जाऊन झोपायचं तरी कशासाठी?

५

दुपार झाली, तसं ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. सकाळी ते समोरून आलं होतं, म्हणजे खिडकी पूर्वेला. खिडकीकडे तोंड केलं की सरुबाईंची भिंत डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेची. भिंतीला डोकं, वाटेकडे पाय.

विजयश्रींनी मनातल्या मनात स्वतःला त्या खाटेवर झोपवलं आणि त्यांना आपल्या आईची हाक ऐकू आली: अगं, दक्षिणेकडे पाय करून झोपू नकोस. ती यमाची दिशा. इमारत बांधताना वास्तुविशारदाने हवा पाहिली, उजेड पाहिला, ऑक्सिजनची नळी पाहिली. सरुबाईंना मात्र त्याने यमाकडे पाय करून झोपवलं होतं. उलटं झोपावं तर जखमेचा पाय वर धरणारी खाटेची बाजू उशीखाली येणार.

त्या सरुबाईंच्या शेजारी बसल्या. अनिताला चहा आणायला पाठवलं.

"आजी, मंजुळाबाईंनी तुम्हाला त्यांची खाट दिली होती ना?"

सरुबाई गोधडीचं टोक पिळू लागल्या.

"रातभर बसून काढायची म्या," त्या हळूच म्हणाल्या. "पाय लांब करायचं भ्या वाटायचं. तिनं बगितलं. म्हनली, माय, मला काय होतंय, तुमी माज्या खाटंवर निजा. रोज दुपारी समदी गेली की तिच्या खांद्याला धरून म्या पलीकडं जायची, आन् ती माज्या खाटंवर यायची. जेवनाच्या गाडीचा आवाज आला की परत आपापल्या जाग्यावर. मोठ्या शिस्टर रागावत्यात म्हनून."

"रोजच्या नर्सला ठाऊक होतं?"

"ती हसायची नुसती. तोंडं वळखीची होती तिच्या."

विजयश्रींना सगळं उलगडलं होतं. काल तेवढं ओळखीचं माणूस रजेवर होतं. पण सरुबाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी विजयश्रींचा हात घट्ट धरला.

"कुनाला सांगू नगा, बाई. ते मरान माजं हुतं. माज्या वाटचं हुतं. म्या माजी दिशा तिच्या गळ्यात घातली आन् यम चुकून तिच्याकडं गेला. चांगल्या बाईचा जीव घ्यायला निगाले हुते मी." आणि त्या हमसून रडू लागल्या.

ही बाई आदल्या रात्रीपासून हे एकटी उराशी घेऊन बसली होती, सुजलेला पाय खाली सोडून, स्वतःला शिक्षा केल्यासारखी. आणि वाईट एवढंच की खाटा बदलल्यामुळेच ते झालं, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"आजी, यम नाही आला. सुई चुकली. तुमच्यासाठी आणलेली सुई त्यांना लागली, कारण आमचं मशीन खाटेला ओळखतं, माणसाला नाही. आणि बघा, त्यांना घाम आलेला पहिल्यांदा कुणी पाहिला? ओरडलं कोण? तुम्ही ओरडला म्हणून त्या आहेत."

सरुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. विश्वास बसला की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

"एक मुलगी आहे, आजी. तिची नोकरी जायची वेळ आलीये. तुम्ही हे उद्या चारचौघांत सांगाल?"

६

समिती वॉर्डातच भरली, कारण सरुबाईंना चालता येत नव्हतं. त्यांनी पदर सावरून सगळं सांगितलं. इंद्रायणी सिस्टरांनी चिठ्ठ्यांचं आपल्या तोंडाने कबूल केलं आणि अपेक्षाकडे बघून, तिचं काही चुकलं असेल तर ते मी शिकवलेलं आहे, असं म्हणाल्या. डॉ. निरंजन पहिल्यांदाच घाईत नव्हते. त्यांनी कौन्सिलचं पत्र फाडलं, आणि मग अनितासमोर उभं राहून मोदकांबद्दल माफी मागितली. ते त्यांना जमलं याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

दिग्विजयला विजयश्रींनी स्वतः सांगितलं, काहीही न लपवता. तो खाली मान घालून ऐकत राहिला. चिठ्ठ्यांचं ऐकल्यावर कडवट हसला.

"आमच्या लाइनवर पण असाच एक पीस बांधून ठेवलाय, मॅडम. मीच बांधलाय." थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्याकडं बिघडला तर फक्त ब्रेक बिघडतो, असं वाटायचं." ब्रेक कशाला लागतो हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याने परत नाव मागितलं नाही.

दारातली शून्याची पाटी स्वरूपाने स्वतः उतरवली. पट्ट्या तेलापाण्याला टिकणाऱ्या आल्या, आणि नवी पट्टी काढायचं यंत्र वॉर्डातच बसलं. नाही तर आठवड्याभरात कठड्यांवर पुन्हा चिठ्ठ्या दिसल्या असत्या. भरती होणाऱ्या रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत आणखी एकाची भर पडली: झोपताना पाय कुठल्या दिशेला चालतात? डॉ. निरंजन त्यावर हसणार होते, पण हसले नाहीत.

मंजुळाबाई वॉर्डात परतल्या तेव्हा दोघींच्या खाटा दक्षिणेच्या भिंतीला शेजारी शेजारी लावल्या होत्या. त्या संध्याकाळी अपेक्षा कामावर परतली. तिला एक ताकीद मिळाली होती आणि ती तिने खळखळ न करता घेतली होती. मशीन खिशात ठेवून ती आधी नुसतीच खाटेशी उभी राहिली.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"आता गं? मी कोन ते तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"माहिती आहे. तरी तुम्ही सांगा."

सरुबाईंनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. मंजुळाबाई उशीला टेकून त्यांच्याकडेच बघत होत्या. लग्न होऊन उभा जन्म गेला होता, धनी जाऊनही वर्षं लोटली होती, आणि ते नाव सरुबाईंच्या ओठांवर उखाण्याशिवाय कधी आलं नव्हतं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, डोळे मिटले, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"सरुबाई भिमाजी येळवंडे."

मग अपेक्षाने मशीन काढलं.